पंधरा पैशांची चाल

यवतमाळ जिल्हा १८२९ साली बुद्धिबळात मद्रासकडून हरला. दोन डाव होते, दोन्ही हरला. ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात कोणालाच ठाऊक नाही, आणि नाही तेच बरं. कारण आमच्याकडे हरल्याची बातमी कळली की आधी चौकशी समिती बसते आणि मग ती समिती कोणी नेमली याची चौकशी होते.

आता तुम्ही म्हणाल, १८२९ साली यवतमाळ जिल्हा होताच कुठे? कबूल. जिल्हा झाला तो पुढे इंग्रजी अमलात. बरीच वर्षं त्याचं नाव 'वूण', म्हणजे आपली वणी, असं होतं आणि यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळालं. पण जिल्हा नसला तरी मुलूख होता, माणसं होती, कापूस होता. आणि हा सगळा वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या निजामाकडे होता. १८५३ साली इंग्रजांनी तो आपल्या हाती घेईपर्यंत होता. १८२८-२९ मध्ये मद्रास आणि हैदराबाद या दोन शहरांत पत्रांतून बुद्धिबळाचा सामना झाला. हैदराबाद म्हणजे आमची राजधानी. राजधानी हरली म्हणजे आम्ही हरलो. मुख्य कचेरीचा तोटा शेवटी शाखांच्याच डोक्यावर वाटला जातो, हे तत्त्व मी बी.कॉम.ला शिकलो आणि नंतर वीस वर्षं नोकरीत त्याची उजळणी केली.

आमच्या शाखेतल्या शिपायाला मी हे सांगितलं तेव्हा तो माठात पाणी ओतता ओतता थांबला.

"कोन खेयलं होतं आपल्याकून?"

मी म्हटलं, "आपल्या तालुक्यातलं कोणी नव्हतं."

"मंग आपन कायले हारलो? ज्यायनं खेयलं ते हारले!" असं म्हणून त्याने कळशी उचलली. पराभवाकडे पाहण्याची इतकी निरोगी दृष्टी मी दुसऱ्या कोणात पाहिलेली नाही.

बुद्धिबळाचा विषय सध्या आमच्या बँकेत वरचेवर निघतो. २०२५ च्या जुलैत शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून ज्यांना घोडा अडीच घरं जातो एवढंच माहीत होतं तेही 'टायब्रेक'वर मतं देऊ लागले. त्या अंतिम सामन्याचा निकाल जलद डावांत लागला. सगळा मिनिटांचा हिशेब. आमच्या काउंटरवर रांगेतल्या गिऱ्हाइकांनी सुद्धा कुरकूर न करता, चेक हातात धरून, त्याची चर्चा ऐकली. मी मात्र ज्या बुद्धिबळाच्या सावलीत सुट्ट्या काढल्या, त्यात एका चालीचं उत्तर यायला तीन-तीन आठवडे लागत. ते ऐकायला रांग थांबली असती तर निम्मी गिऱ्हाइकं निवृत्त झाली असती.

तर मद्रास.

त्या काळी आगगाडी नव्हती. मुंबई-ठाणे गाडी धावली ती १८५३ साली. तारही नव्हती. मद्रासहून हैदराबाद रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या वर, आणि टपाल नेणारा हरकारा पायी. पाठीला थैली, हातात घुंगरू बांधलेली काठी. घुंगरू कशाला? तर वाटेतल्या जनावरांनी बाजूला व्हावं आणि पुढच्या टप्प्यावरच्या माणसाने कंबर कसून तयार राहावं म्हणून. मराठीत 'चाल' या शब्दाला किती अर्थ आहेत पाहा. गाण्याला चाल असते, घोड्याला चाल असते, राजकारणात तर चालींशिवाय दुसरं काहीच नसतं. पण पटावरची चाल आणि पायांची चाल अगदी अक्षरशः एक झाली ती या सामन्यात. तिकडे पटावर एक प्यादं एक घर सरकावं म्हणून इकडे कितीतरी माणसं आळीपाळीने जंगलातून पळत होती. खरी प्यादी ती. त्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत.

मद्रासच्या बाजूने डावांची मुख्य सूत्रं होती गुलाम कासिम नावाच्या गृहस्थाकडे. हे मी पदरचं सांगत नाही. १८२९ साली मद्रासलाच या सामन्याचं पुस्तक निघालं आणि त्याच्या शीर्षकातच तसं छापलेलं आहे. पुस्तकावर टिपणं करणारे दोघे, एक गुलाम कासिम आणि दुसरे मद्रासच्या मुलकी नोकरीतले जेम्स कॉक्रेन साहेब. कंपनी सरकारचं राज्य, छपाई इंग्रजी, आणि गोऱ्या साहेबाच्या नावाआधी एका हिंदी माणसाचं नाव! तेही 'मद्रासचे डाव मुख्यतः यानेच चालवले' अशा कबुलीसकट. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचलं. आमच्या खात्यात ताळेबंद कारकून करतो, सही साहेबाची असते आणि कारकुनाचं नाव बाहेर येतं ते फक्त चूक निघाली तर.

या पुस्तकात एका जहाल डावाची चिरफाड आहे. पहिल्या पाच चालींतच आपला घोडा शत्रूच्या तोंडी द्यायचा आणि त्या मोबदल्यात हल्ला चढवायचा असा तो प्रकार. त्याला मुझिओ म्हणतात. त्यातच घोड्याकडे ढुंकूनही न बघता वजिरापुढचं प्यादं दोन घरं ढकलण्याची जी पाचवी चाल आहे, ती आजही डावांच्या पुस्तकांतून गुलाम कासिमच्या नावाने ओळखली जाते. गंमत अशी की प्यादं पहिल्यांदा दोन घरं ढकलणं ही मुळात विलायती रीत. आपल्या देशी बुद्धिबळात प्यादं जन्मभर एकेकच घर चालायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा होती. म्हणजे गुलाम कासिमने साहेबाचे नियम उचलले आणि साहेबाच्या नियमांनीच त्या नियमांत स्वतःचं नाव कोरून ठेवलं. हरकारे गेले, कंपनी सरकार गेलं, मद्रास नाव सुद्धा १९९६ साली गेलं. चाल आहे.

साहेबाच्या मुलखातही तेव्हा हेच चाललं होतं. १८२४ ते १८२८, चार वर्षं, लंडन आणि एडिंबरो इथल्या दोन क्लबांत पत्रांतून पाच डाव झाले. एडिंबरोने दोन जिंकले, लंडनने एक, दोन बरोबरीत सुटले. त्या सामन्यात गाजलेल्या एका सुरुवातीला आजपर्यंत 'स्कॉच' म्हणतात. ('स्कॉच'चा हाही एक अर्थ आहे हे आमच्या एका सहकाऱ्याला पटवून देणं मला आजतागायत जमलेलं नाही.) पुढे १८३४ ते १८३६ मध्ये पॅरिसने लंडनच्या वेस्टमिन्स्टर क्लबाला असंच पत्रांतून हरवलं आणि त्यातून 'फ्रेंच बचाव' हे नाव रूढ झालं. म्हणजे बुद्धिबळाच्या पुस्तकातली ही बारशी टपालखात्यात झालेली आहेत.

या सामन्यांत चाल एकटा माणूस ठरवत नसे, कमिटी ठरवायची. कमिटीने बुद्धिबळ खेळायचं म्हणजे काय, याची कल्पना ज्यांनी एखाद्या पतसंस्थेची वार्षिक सभा पाहिली आहे त्यांनाच येईल. लंडनच्या कमिटीने एकदा चाल टपालात टाकली आणि मग तिच्या लक्षात आलं की घोटाळा झाला. ताबडतोब चाल मागे घेतो म्हणून कळवलं. एडिंबरो म्हणालं, पत्र टाकलं म्हणजे सोंगटीवरचं बोट उचललं. ऐकलं नाही. मला या नकाराचं फार कौतुक वाटतं. कारण पत्रांतल्या बुद्धिबळाची पुढची सगळी इमारत या एका नकारावर उभी आहे. पेटीत टाकलेली चाल परत काढता येत नाही. पंच नाही, घड्याळ नाही, समोर बसलेला माणूस नाही, आहे ती फक्त लाल पेटी.

पण तोवर हा खेळ होता क्लबांचा आणि साहेबांचा, कारण टपाल महाग होतं आणि ते अंतरावर अवलंबून असायचं. विलायतेत १८४० साली एका पेनीत पत्र देशभर जाऊ लागलं. आपल्याकडे १८५४ साली अर्ध्या आण्यात, कितीही लांब. आणि १८७९ च्या जुलैपासून पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. पाव आणा! कार्ड आलं आणि बुद्धिबळ क्लबातून निघून शाळामास्तर, स्टेशनमास्तर, पोस्टमास्तर अशा सगळ्या मास्तर मंडळींच्या घरी येऊन बसलं. एवढी चार मास्तरं जिथे जमतात तिथे स्पर्धा निघणारच. जगभर पत्रांतल्या बुद्धिबळाची मंडळं निघाली, १९५१ साली त्यांची आजची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९५० साली सुरू झालेली पहिली जागतिक स्पर्धा १९५३ साली ऑस्ट्रेलियाच्या सेसिल पर्डी यांनी जिंकली. तीन वर्षांनी जगज्जेता ठरला, आणि त्या तीन वर्षांत कोणीही कोणाच्या समोर बसलं नव्हतं.

माझे मोठे मामा या मास्तर मंडळींपैकीच. दारव्ह्याला शाळेत शिक्षक. दारव्ह्यावरून तेव्हा शकुंतला रेल्वे जायची, यवतमाळ-मूर्तिजापूर, छोट्या रुळांची, १९०३ साली सुरू झालेली, आणि १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनाने ओढली जाणारी. तिच्या गावात राहून माणसाला घाईची सवय लागणं शक्यच नव्हतं. मामांनी १९८६ च्या दिवाळीनंतर एका पत्र-बुद्धिबळ स्पर्धेत नाव घातलं आणि त्यातला एक डाव पडला कलकत्त्याजवळच्या एका गृहस्थांशी. तेही नोकरदार, रेल्वेत हिशेबनीस. तो डाव बावन्न चाली चालला आणि १९९० च्या पोळ्याला संपला. मी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन पाहायचो. पट दिवाणखान्यात फळीवर मांडलेला असायचा, वर प्लॅस्टिकचं झाकण, आणि झाकणाला हात लावला तर मामी पाठीत धपाटा घालायची. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. माझी उंची चार बोटं वाढली. मामांचा उंट दोन घरं सरकला होता.

आता या डावाचं कार्ड कसं असतं ते सांगितलं पाहिजे, कारण मी वाणिज्य शाखेकडे का वळलो याचं मूळ त्यात आहे.

पहिली अडचण भाषेची. आपला हत्ती कोपऱ्यात उभा असतो आणि सरळ चालतो. बंगाल्यांकडे त्या कोपऱ्यात नौका असते आणि हत्ती, म्हणजे त्यांचा गज, आपल्या उंटाच्या जागी उभा राहून तिरपा चालतो. इंग्रजांकडे आपल्या उंटाचा बिशप होतो, जर्मनांकडे जासूद आणि फ्रेंचांकडे तर चक्क विदूषक. आता मामांनी 'हत्ती हलवला' असं बंगालला कळवलं तर तिकडे कुठलं जनावर हलायचं? म्हणून आंतरराष्ट्रीय मंडळींनी सोंगट्यांची नावंच काढून टाकली आणि नुसते आकडे ठेवले. पटाला आडवे एक ते आठ, उभे एक ते आठ. ५२५४ लिहिलं की पाचव्या रांगेतल्या दुसऱ्या घरातून त्याच रांगेतल्या चौथ्या घरात. ५१७१ लिहिलं की राजाने किल्लेकोट केला. कुठली सोंगटी, ते पटच सांगतो. भाषावार प्रांतरचनेवर इतका स्वस्त तोडगा दुसऱ्या कोणाला सुचलेला नाही.

पण नुसते आकडे लिहिलेली कार्डं दर पंधरा-वीस दिवसांनी मास्तरांच्या नावे येऊ-जाऊ लागल्यावर दारव्ह्यात जे व्हायचं तेच झालं. पोस्टमनने कार्ड वाचलं. कार्ड वाचणं हा पोस्टमनचा हक्क आहे, नाहीतर ते उघडं कशाला ठेवलं असतं? कार्डावर ४६५५. गावात मटका जोरात होता. महिन्याभरात मामांकडे संध्याकाळी माणसं यायला लागली. चहा घेत, इकडचं तिकडचं बोलत, आणि उठताना हळूच विचारत, "मास्तर, कलकत्त्याहून काय आकडा आला जी?" मामा पट दाखवून समजावून सांगत. ते मान डोलवत आणि मनात म्हणत, मास्तर मोठा बेरकी, पट मांडून ठेवलाय.

मामांनी उगाच वाईट वाटून घेतलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारच्या सेन्सॉरला सुद्धा हाच संशय आला होता. परदेशी टपालातून बुद्धिबळाचे डाव खेळायला तिथे बंदीच घातली गेली, कारण त्या आकड्या-अक्षरांत कोण काय गुपित कळवतंय ते कळेना. दारव्ह्याच्या पोस्टमनला फक्त ओपन-क्लोजचा संशय आला. त्यामानाने तो बराच समजूतदार.

आकड्यांच्या खाली असायचा तो खरा मजकूर. तुमची एकतिसावी चाल अमुक. तुम्ही टाकल्याची तारीख. मला मिळाल्याची तारीख. मी उत्तर टाकल्याची तारीख. या चालीला विचाराचे दिवस इतके. एकूण दिवस इतके. माझी चाल अमुक. नियम असा की दहा चालींना तीस दिवस. कार्ड वाटेत जितके दिवस असेल ते दिवस कोणाच्याच नावावर नाहीत, ते टपालखात्याचे. आपल्या हातात कार्ड पडलं की आपलं घड्याळ सुरू, पेटीत टाकलं की बंद. याशिवाय 'जर' असायचे. 'तुम्ही अमुक खेळलात तर माझी तमुक' असं आगाऊ लिहून ठेवायचं, म्हणजे एक फेरी वाचते. पण समोरच्याने ती 'अमुक' चाल केली की 'तमुक' बंधनकारक. आमच्या भाषेत पुढच्या तारखेचा चेक! देताना हात सैल असतो, वटायच्या दिवशी घाम फुटतो.

मामांनी यासाठी एक लांबट वही केली होती. डाव्या पानावर आवक, उजव्या पानावर जावक, तळाला दिवसांची बेरीज. दर कार्डागणिक ती बेरीज समोरच्याच्या कार्डावरच्या बेरजेशी जुळवून बघायची. मी वाणिज्य शाखेला जाऊन द्विनोंदी पद्धत शिकलो तेव्हा सर फळ्यावर नावे-जमा काढत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे मामांची वही. बुद्धिबळ हा प्रतिभावंतांचा खेळ आहे असं लोक म्हणतात. समोरासमोरचा असेल. पत्रांतला हा शंभर टक्के कारकुनांचा. ज्याची बेरीज चुकते त्याचा वजीर कितीही भारी असला तरी तो वेळेत हरतो.

आणि या सगळ्या हिशेबात एक भलं मोठं भोक आहे, ते मला बऱ्याच उशिरा दिसलं. 'मिळाल्याची तारीख' कोण लिहिणार? ज्याला मिळालं तोच. कार्ड शनिवारी आलं आणि तुम्ही मंगळवार लिहिलात तर तीन दिवस फुकट. शिक्का म्हणाल तर आमच्याकडच्या शिक्क्यांतून फक्त शाई किती होती एवढंच समजत असे. टाकल्याचा पुरावा पाहिजे असेल तर तेव्हा यूपीसी मिळायचं, पोस्टात शिक्का मारलेला कागद. ती सोय २०११ साली बंद झाली. पण ते टाकल्याचं झालं. मिळाल्याचं काय? जगभरातल्या हजारो डावांत, जगज्जेतेपदाच्या सुद्धा, विचाराचा वेळ मोजणारं घड्याळ प्रत्येक खेळाडूच्या स्वतःच्या खिशात होतं आणि ते मागे करायला कोणाचीही आडकाठी नव्हती.

एकदा शनिवारी संध्याकाळी कार्ड आलं. मामांची अवस्था वाईट होती. डावाची आणि दिवसांची, दोन्ही. तिसातले अठ्ठावीस संपलेले. घरात कोणाचंसं बारसं होतं, पाहुणे होते, रविवारी पट उघडायलाही जागा नव्हती. मामी म्हणाली, "सोमवार टाका की. कोण येतंय बघायला कलकत्त्याहून?"

आता माझे मामा म्हणजे सत्यवादी हरिश्चंद्र नव्हेत. तपासनीस येणार असले की आजूबाजूच्या वर्गांतली मुलं उसनी आणून पट भरलेला दाखवणाऱ्या सर्व शिक्षकांचे ते अध्वर्यू होते. एका मुलाने एका दिवसात तीन इयत्तांत हजेरी दिल्याचा विक्रम त्यांच्याच कारकिर्दीतला. पण मामींचं ते वाक्य ऐकून त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "तो बी रेल्वेत हिशेबनीस आहे ना बाई. त्यानं लिहिलेलं मी मानतो. मंग?"

शनिवार लिहिला. पाहुण्यांच्या गाद्यांमधून वाट काढत रात्री दोनपर्यंत विचार केला आणि रविवारी सकाळी बसस्टँडवर जाऊन कार्ड पेटीत टाकलं. ती चाल काही फार चांगली नव्हती.

डाव त्यांनी गमावलाच म्हणायचा. समोरासमोर हरलं तर तासाभरात मोकळं होता येतं. इथे मामा जवळपास चौदा महिने हरत होते. आपण हरतो आहोत ही बातमी दर तीन आठवड्यांनी, उघड्या कार्डावर, सगळ्या गावासमोरून, घरी यायची. गप्प बसायची सोय होती. उत्तर द्यायचंच नाही, कार्डं येऊ द्यायची, स्मरणपत्रं येऊ द्यायची, शेवटी स्पर्धेचे संचालक कंटाळून नाव काढून टाकतात. पत्रांच्या बुद्धिबळात याला मूक माघार म्हणतात आणि हरण्यापेक्षा कितीतरी मोठा गुन्हा मानतात, कारण समोरचा माणूस मांडलेल्या पटापुढे महिनोन्महिने ताटकळत राहतो. आमच्याकडे हप्ता नव्वद दिवस थकला की ते कर्ज एनपीए होतं. कर्जदार भेटला तर 'देतो ना साहेब' म्हणत नाही, तो भेटतच नाही. त्याचं काही मला वाटत नाही, पण दर वेळी मला ते झाकण घातलेले पट दिसतात, कुठे कुठे फळीवर मांडून ठेवलेले.

मामा दर कार्डाला उत्तर देत राहिले. पोळ्याच्या दिवशी बैल सजवून लोक रस्त्यावरून नेत होते तेव्हा मामांनी राजीनाम्याचं कार्ड लिहिलं, शेवटचे दिवस बेरजेत मिळवले आणि पेटीत टाकून आले. मी एकदा सगळा खर्च काढला होता. बावन्न चालींची बावन्न आणि स्मरणपत्रांची सहा, अशी अठ्ठावन्न कार्डं, दर पंधरा पैसे, एकूण आठ रुपये सत्तर पैसे. यूपीसीचे वेगळे. तीन वर्षं नऊ महिन्यांच्या करमणुकीला इतका कमी खर्च आलेला माझ्या पाहण्यात दुसरा नाही. कलकत्त्याच्या गृहस्थांचं पुढचं कार्ड आलं. त्यावर आकडे नव्हते, इंग्रजीत चार ओळी होत्या. पोस्टमनने ते द्यायला दोन दिवस लावले, कारण आता मटक्याच्या मंडळींचं काय होणार याची त्यालाच काळजी लागली होती.

आता हा खेळ संगणकावर खेळतात. चाल क्षणात पोहोचते, घड्याळ यंत्र मोजतं, शनिवारचा सोमवार करता येत नाही. आणि विचार करायलाही यंत्राची मदत घ्यायची मोकळीक आहे, त्यामुळे वरच्या पातळीवरचे बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. हिशेब चोख झाला आणि कोणी हरेनासं झालं. ज्यांना त्यात रस आहे त्यांनी जरूर पाहावं.

मला मात्र पोस्टकार्डांच्या त्या काळातलं एक प्रकरण राहून राहून आठवतं. पत्रांच्या बुद्धिबळाचं ऑलिंपियाड असतं, देशांच्या संघांचं. दहाव्या ऑलिंपियाडची अंतिम फेरी १९८७ साली सुरू झाली आणि १९९५ साली संपली. आठ वर्षं. त्यात पूर्व जर्मनीचा संघ होता. फेरी सुरू झाल्यावर दोन वर्षांनी बर्लिनची भिंत पडली आणि ३ ऑक्टोबर १९९० ला पूर्व जर्मनी हा देशच नाहीसा झाला. सोव्हिएत रशियाचाही संघ होता. १९९१ संपता संपता तोही देश गेला. कार्डं मात्र चालूच. नोटा बदलल्या, सरकारं बदलली, कोणाकोणाच्या गावांची नावं बदलली असतील. हे लोक आपले मिळाल्याची तारीख, टाकल्याची तारीख, एकूण दिवस इतके, माझी चाल अमुक. आणि १९९५ साली निकाल लागला तेव्हा सोव्हिएत संघाला सुवर्णपदक मिळालं आणि पूर्व जर्मनीला कांस्य. देश जाऊन जवळपास पाच वर्षं झाली होती. कोणीतरी बसून त्या नाहीशा झालेल्या देशांच्या नावापुढे शेवटची बेरीज नीट मांडली असली पाहिजे. तो माणूस माझ्या खात्यातला, याबद्दल मला शंका नाही.

फक्त एक बारीक प्रश्न उरतो आणि तो मी आमच्या शाखेतल्या ऑडिटरलाही विचारून पाहिला. खातेदारच अस्तित्वात नाही, वारस म्हणून दुसऱ्या नावाचा देश उभा आहे, तेव्हा ते कांस्यपदक जमा कोणाच्या खाती दाखवायचं? ऑडिटरने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि 'सस्पेन्समध्ये टाका' असं सांगून चहा मागवला.